कातरणांची अक्षरं

४ जून

ताई, नमस्कार.

तुमचं जाडजूड पाकीट मिळालं. बावीस अक्षरं, बावीस पानं, आणि प्रत्येक पानाखाली तुमचा ठळक हुकूम : ‘नीट बसून गिरवणे.’ नीट बसून! तुमच्या बालवाडीतली पोरं बसत असतील हो. आमच्याकडे ठकी बसते, सात वर्षांची झाली ना आता. भोंगा मात्र शिवणयंत्राखाली पॅडलवर मुक्काम ठोकून असतो. चार वर्षांच्या पोराचा आवाज तो केवढा! खालच्या मजल्यावरचा औषधवाला म्हणतो, ह्याला गिरणीवर नोकरी लावा.

तुमचं घर मराठी ज्यूंचं, तिथे हिब्रू मुरलेली; माझ्या माहेरी सात पिढ्यांत कुणी ती पाहिलेलीही नाही. म्हणून मी काय करते, पोरं शाळेतून यायच्या आत एक अक्षर स्वतः शिकून ठेवते. ती आली की तेच अक्षर अगदी मुरलेल्या मास्तरणीसारखं त्यांच्यापुढे ठेवते. त्यांच्या फक्त एका अक्षराने पुढे आहे मी. कुणाला सांगू नका.

कागदावर भोंग्याचं बोट टिकेना, तेव्हा गणवेशांच्या कातरणांतून अक्षरं कापायला घेतली. अलेफ निळ्या पँटीचं, बेत चौकड्याचं, मागून अस्तर. आता माझी फजिती ऐका. शिंपीकामाची सवय, खडू मारला कापडाच्या उलट्या बाजूने. कापून सुलट केलं तर अकराच्या अकरा अक्षरं पाठमोरी! ठकी म्हणाली, “आई, ही सगळी रुसलीत का?” परत कापली.

ह्यांना मात्र ह्यातलं काही कळू देऊ नका. आठ महिने झाले तुमच्या भावाला तिकडे तुमच्या देशी नोकरीवर जाऊन. आम्हाला बोलावतील तेव्हा ठकी विमानतळावर त्यांच्याशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलेल, आणि तेव्हाचं त्यांचं तोंड मला बघायचंय. पुढचं तुम्ही आणि सासूबाई बघा. एकदा तिकडे पोचली की पोरं तुमची. घेऊन टाका, मला नकोत! मी आठ दिवस नुसती झोपणार आहे.

तुमची,
सुईबाई

२२ जून

सुईबाई, अगं हसून हसून पुरेवाट झाली. आईला पत्र वाचून दाखवलं तर ती म्हणाली, हिला आधीच का नाही शिकवलं आपण? खरंच का नाही शिकवलं, काय माहीत. नवी सून आली की तिला स्वयंपाकघर दाखवतात, अक्षरं कोण दाखवतं?

आता ऐक. दालेत आणि रेश ह्या दोन अक्षरांत सगळी मुलं गोंधळतात. दालेतला कोपरा असतो, रेशला गोल खांदा. मी वर्गात मुलांना दालेतच्या कोपऱ्यावर टिचकी मारायला लावते. तुझ्या कापडाच्या अक्षरात तो कोपरा चांगला टोकदार काढ, बोटाला टोचला पाहिजे.

सोबत शब्दांची पहिली यादी आहे. देलेत म्हणजे दार, खलोन खिडकी, मायिम पाणी, लेखेम पाव, बायित घर, इमा आई. आधी हात लागेल अशा वस्तू शिकव. मनातल्या गोष्टींचे शब्द मागाहून येतात.

आमचे बंधुराज दर रविवारी जेवायला येतात. हल्ली फार गप्प असतो. कामाचा ताण असेल, आणि तुमची आठवण. तो बोलून दाखवणाऱ्यातला नाही, तुला माहीतच आहे.

तुझी,
ताई

१८ जुलै

ताई, नमस्कार.

घरभर चिठ्ठ्या टाचल्या आहेत. दारावर, खिडकीवर, माठावर, माझ्या टेपवरसुद्धा. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका विचारतात, भाडेकरू ठेवलाय का कुणी परदेशी? परवा भोंगा शेजारणीच्या दारात उभा राहून “मायिम! मायिम!” ओरडायला लागला. ती बिचारी ‘माई, माई’ समजून कुणा माईला शोधायला जिन्यात धावली.

ठकीचं विचाराल तर ती मला मागे टाकणार. काल तिने विचारलं, ‘मला आवडतं’ कसं म्हणायचं? म्हटलं, उद्या सांगते. आता तुम्ही लवकर लिहा, माझी अब्रू तुमच्या हातात आहे. तिने आजीला स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या आहेत, त्या सोबत पाठवते. चुका असतील तर माझ्या समजा.

ह्यांचं पत्र दोन महिन्यांत नाही. तुम्ही ताण म्हणता, तर ताणच असेल. जेवायला येतात तेव्हा भात थोडा जास्त वाढा.

सुईबाई

९ ऑगस्ट

सुईबाई, आधी माझा कान धर. माझ्या पोटात काही राहिलं नाही.

ठकीच्या त्या चार ओळी आईने वाचल्या आणि ती रडायलाच लागली. नेमका तेव्हाच तो आला. मग लपवणार तरी काय? तुझी सगळी पत्रं त्याच्यापुढे ठेवली. त्याने बसून दोनदा वाचली, अगं, दोनदा! डोळे ओले होते त्याचे. म्हणाला, “सगळ्यांच्या झेरॉक्स काढून आणतो. जपून ठेवायला हवीत.” मूळ पत्रं दुसऱ्याच दिवशी परत आणून दिली. बघ, दगडालाही पाझर फुटला म्हणायचं. आता तुमचं बोलावणं आलंच समज.

तुझी गंमत मी घालवली, रागावू नकोस. ‘मला आवडतं’ आणि असे दहा शब्द मागच्या पानावर लिहिले आहेत.

तुझी,
ताई

३ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. शाळांचे गणवेश होते.

गेल्या आठवड्यात घरी एक सरकारी बाई आल्या होत्या. मुलं कशी राहतात, काय शिकतात, ते बघायला. मी दोघांना न्हाऊमाखू घालून बसवलं आणि म्हटलं, येतं तेवढं सगळं म्हणून दाखवा. ठकीने तुमचे सगळे धडे वाचले. भोंग्याने कापडाची अक्षरं जमिनीवर उजवीकडून डावीकडे ओळीने मांडली आणि एकदाही चुकला नाही. तीसच्या वर शब्द म्हटले त्याने. बाई फार खूश झाल्या. भराभरा लिहून घेत होत्या. “सगळं तुम्हीच शिकवलंत?” म्हणाल्या. मी म्हटलं, हो, मीच. मला वाटलं, पोरांसाठी एवढं करणारी आई बघून कुणालाही पटेल.

काय पटेल ते तुम्हाला माहीत असेलच. तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून मीही विचारत नाही. तुमचाच भाऊ आहे, तुमची बाजू मी समजू शकते.

नवी यादी पाठवू नका.

२१ नोव्हेंबर

काय माहीत असेल मला? कसली सरकारी बाई? कसली बाजू?

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात एक चेष्टा नाही की खाली नाव नाही. तब्येत बरी आहे ना? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, इकडे यायचं म्हणजे कागदपत्रं लागतात, त्यासाठी चौकशा होतातच. मला पटलं. आईने मागची खोली रिकामी करून घेतली आहे. तीन पलंग मागवलेत, एक मोठा, दोन लहान.

मला सरळ लिही. मी मुलांना शिकवते, मला आडून बोललेलं कळत नाही.

ताई

२६ फेब्रुवारी

ताई,

सरळ लिहिते.

तुमच्या भावाने ऑगस्टमध्ये मला नोटीस पाठवली. तिकडे त्याचं दुसरं घर झालंय. मला घटस्फोट हवा असेल तर खुशाल घे म्हणाला, पण मुलं त्याला हवीत. मी हे तुम्हाला लिहिलं नाही, कारण मला वाटलं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि माझ्यापासून लपवताय. तुमच्या ‘तीन पलंग’वरून कळलं की तुम्हीही माझ्यासारख्याच आंधळ्या. तेव्हाच लिहायला हवं होतं. पण मला वाटलं, निकाल माझ्या बाजूने लागेल, मग कशाला तुम्हा मायलेकींचं मन मोडा?

परवा निकाल लागला. मुलं त्याला दिली.

त्याच्या वकिलाने कोर्टात काय काढलं माहीत आहे? माझी पत्रं. झेरॉक्स. माझं अक्षर मी दाराजवळून ओळखलं. त्याने मोठ्याने वाचलं : “एकदा तिकडे पोचली की पोरं तुमची. घेऊन टाका, मला नकोत.” ताई, सगळं कोर्ट ऐकत होतं. मी उभी राहून म्हटलं, अहो, ती थट्टा होती, आम्ही नणंदा-भावजया अशाच बोलतो. माझाच वकील म्हणाला, खाली बसा.

मग त्या सरकारी बाईंचा अहवाल. मुलं दिवसभर शिवणयंत्राभोवती वाढतात, तिकडे आजी आहे, शिक्षिका आत्या आहे. आणि मुख्य म्हणजे मुलांना तिथली भाषा लिहिता, वाचता, बोलता येते, ती तिथे सहज रुळतील, आणि आईनेच कष्ट घेऊन त्यांची ही तयारी करून घेतली आहे. आईनेच! मी मान खाली घालून ऐकत होते. त्या बाई खोटं एक अक्षरही बोलल्या नाहीत. मी काही न शिकवता बसले असते तर मुलं माझ्याजवळ राहिली असती. मीच दाखवलं त्यांना, हौसेने, न्हाऊमाखू घालून.

तुम्ही ती पत्रं त्याच्या हातात का दिलीत? नको म्हटलं होतं ना मी? एवढं एकच मागितलं होतं.

१४ मार्च

काय लिहू?

मी आणि आई त्याच्या दारात गेलो. आईने त्याच्यापुढे पदर पसरला. तो म्हणाला, मुलांचं भलं कशात आहे ते कोर्टाने ठरवलंय. मी त्याला वाट्टेल ते बोलले. परतताना आई रस्त्यात खाली बसली. म्हणाली, हाच का आपण वाढवला?

त्याच्या घरी मुलं राहणार नाहीत, आमच्याकडेच राहतील. त्याच्या त्या बाईला नको आहेत. म्हणजे तुझ्यापासून ओढून आणायची आणि इथे आमच्या पदरात टाकायची. मी म्हटलं, मी नाही सांभाळणार, परत पाठव. तो म्हणाला, मग वसतिगृहात ठेवतो. मग मीच म्हटलं, आमच्याकडेच आण.

तू मला माफ करू नकोस. मी पत्रं दिली तेव्हा माझ्या मनात फक्त कौतुक होतं, पण त्याचा तुला काय उपयोग?

ताई

२ एप्रिल

ताई,

शुक्रवारच्या विमानात बसतील. तुमचा भाऊ घ्यायला आलाय, हॉटेलात उतरलाय.

भोंग्याला झोपताना पाठीवर हात लागतो, नुसता ठेवायचा, थोपटायचं नाही. ठकीला केस ओढले की दुखतं पण ती बोलत नाही, ओठ चावते. तेव्हा कंगवा हळू. ताप आला की ती ‘काही नाही’ म्हणते. ‘काही नाही’ म्हणाली की कपाळाला हात लावून बघा. दोघांचे कपडे दोन इंच वाढवून शिवलेत, आत दुमड आहे, उसवून सोडा.

काल मी बॅगा भरत होते. ठकी दारात उभी होती. म्हणाली, “आई, आम्हाला पाठवायचं होतं म्हणूनच तू शिकवत होतीस ना?” मी म्हटलं, नाही गं राणी, नाही. तर म्हणाली, “मग कशाला शिकवलंस?” बाबांना गंमत दाखवायची होती, हे कुठल्या तोंडाने सांगू?

माझ्यावरचा राग तुमच्यावर काढेल. सोसा. मी तुमच्यावर रागावलेलीच आहे, पण मुलं तुमच्याजवळ आहेत ह्यावरच मला झोप लागणार आहे. दोन्ही खरं आहे.

सुईबाई

१० सप्टेंबर

सुईबाई,

दोघं खुशाल आहेत. ठकी वर्गात दुसरी आली. तिच्या बाई म्हणाल्या, हिचा पाया कुणी घातला? मी म्हटलं, हिच्या आईने. ठकी तिथून निघूनच गेली.

कोर्टाने दिलेल्या दर दीड महिन्याच्या फोनवर तू दहा मिनिटं ठकीची वाट बघतेस, मला सगळं कळतं. ती मागच्या खोलीत जाऊन बसते. दार मात्र लावत नाही. मी ओढून आणत नाही, अजून घट्ट होईल.

भोंग्याचं एक तुला सांगायलाच हवं. मराठी सुटत चाललंय त्याचं. मी संध्याकाळी घरी आले की मराठीतच बोलते, तो ऐकतो आणि हिब्रूत उत्तर देतो. आता पुष्कळदा ऐकूनही कळत नाही असं दिसतं. त्याच्या बापाने तंबी दिली आहे, मुलांशी एकच भाषा बोला, गोंधळ नको. आई भिऊन तसंच करते, मी ऐकत नाही. पण शाळा, मैदान, मित्र, सगळीकडे तेच, माझ्या एकटीचं किती पुरणार? फोनवर मी शेजारी उभी राहून तुला सांगत जाईन तो काय म्हणतो ते.

ताई

१२ जानेवारी

ताई, नमस्कार.

परवाच्या फोनला तुम्ही नव्हतात. सासूबाई म्हणाल्या, शाळेत पालकांची सभा आहे. भोंगा एकटाच होता. सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्यांनी त्याच्या हातात फोन दिला आणि त्या आत गेल्या.

ताई, केवढं बोलला तो! कधी नव्हे इतका. तोच आवाज, फोन खालच्या औषधवाल्याकडे येतो ना, तोसुद्धा ऐकून हसला. मी तुमच्या जुन्या याद्या समोर मांडून बसते फोनच्या वेळी. त्यातलं ‘बायित’ कळलं, ‘इमा’ कळलं. बाकी सगळं पाण्यासारखं वाहून गेलं. मी मराठीत विचारलं, काय रे सोन्या, काय म्हणतोस? तो परत तेच म्हणाला, मोठ्याने. आवाज वर नेऊन थांबला, म्हणजे काहीतरी विचारत होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा आवाज रडवेला झाला. मला ते सहन होईना. म्हटलं, “केन, केन.” हो, हो. तर असा काही ओरडला आनंदाने! फोन तसाच टाकून पळाला. ठकीला हाका मारताना ऐकू आलं.

नऊ महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्या बोलण्याने हसला. दोन दिवस मी त्याच आनंदात काजं-बटणं केली. पण काल रात्री याद्या पुन्हा चाळल्या, त्यात त्याचे ते शब्दच नाहीत. त्याने काय विचारलं होतं? मी कशाला हो म्हटलं?

सुईबाई

२७ जानेवारी

सुईबाई,

तुझं पत्र आल्यावर उलगडा झाला. तोवर मला कळेना, ह्याला झालंय काय.

त्या दिवशी मी घरी आले तर त्याने शाळेचं दप्तर रिकामं करून त्यात कपडे भरले होते, आणि ते दाराशी नेऊन ठेवलं होतं. काढू देत नाही. रोज शाळेतून आला की आधी दप्तर जागेवर आहे ना ते बघतो. शाळेची पुस्तकं पिशवीतून नेतो. वर्गात सगळ्यांना काहीतरी सांगत सुटलाय. विचारलं तर म्हणतो, माझं आणि इमाचं ठरलंय.

काल ठकीला विचारलं. आधी तिने त्याला बाहेर खेळायला पाठवलं. मग म्हणाली, त्याने आईला विचारलं, दोन मार्चला माझा वाढदिवस आहे, तेव्हा तू येऊन आम्हाला घरी नेशील ना? आणि आई हो म्हणाली.

अगं, आणि ठकीनेही आपली बॅग काढून ठेवली आहे, पलंगाखाली. मला दाखवली नाही, झाडताना लागली. एवढे महिने तुझ्याशी बोलत नाही, आणि बॅग भरून ठेवलीय.

त्याला सांगायला गेले मी, दोनदा. दोन्ही वेळा नुसतं दूध देऊन परत आले. तुला इथे यायला त्याच्या बापाची सही लागते आणि तो देत नाही, हे पाच वर्षांच्या पोराला कुठल्या भाषेत सांगू? तूच सांग काय करू. म्हणशील तर मी सांगते, की तुझी आई आजारी आहे, पुढच्या वर्षी येईल.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

आजारी वगैरे काही सांगू नका. एक खोटं मी नकळत बोलले, तेवढं पुरे.

तुम्हीही सांगू नका, सासूबाईही नकोत. मीच सांगते. माझ्या तोंडून ऐकू दे. तेवीस तारखेला फोन आहे, त्याच्या आत तुमचं पत्र मला मिळालं पाहिजे, म्हणून मी हे तातडीच्या टपालाने टाकतेय, तुम्हीही तसंच पाठवा. मला त्यात चार हिब्रू वाक्यं लिहून हवीत, मराठी अक्षरांत, कुठे थांबायचं ती खूण करून. मी पाठ करते.

पहिलं, तू विचारलंस ते मला कळलं नव्हतं.

दुसरं, मी येऊ शकत नाही, मला येऊ देत नाहीत.

तिसरं, मला यायचं आहे.

चौथं ठकीसाठी. ते मोठ्याने म्हणेन, मागच्या खोलीपर्यंत जाईल असं. मी तुम्हाला पाठवलं नाही.

आणि त्या वेळी तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या राहा. पाठीवर नुसता हात ठेवा.

रडेल तो, मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, मग मराठीतच सांग ना, तुझ्या शब्दांत, हळूहळू, आईसारखं. मीही तेच ठरवलं होतं, दोन दिवस मनात जुळवतही होते. पण मराठीत सांगितलं तर त्याला कळणार नाही, ताई. माझा आवाज ऐकून तो पुन्हा हसेल, आणि दाराशी जाऊन बसेल.

सुईबाई